दोन मतं कमी पडली

९ जानेवारी, मंगळवार

पाच माणसं! क्लबच्या बैठकीला पाच माणसं, आणि त्यातला एक झोपलेला. हेच लोक सकाळी कॅफेत बसले की सरकार उलथवायला निघालेले असतात.

विषय अगदी साधा होता. विधानसभेत विधेयक येऊ घातलंय – गोळीबाराच्या आवाजाची तक्रार आली की गावपंचायतीला नेमबाजीचं मैदान बंद करता येईल. आमचं मैदान स्पून तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तळ्याकाठी शहरवाल्यांची नवी नवी घरं. तक्रार येणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि आमचा आमदार टेगन, आमच्याच पक्षाचा, इतकी वर्षं आमच्या मैदानावर येऊन फुकट जेवून गेलेला, तो म्हणतो, "दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतील." आत्ता आठवल्या का याला दोन बाजू!

मी म्हटलं, रडत बसण्यापेक्षा दुसरा माणूस उभा करू. त्यासाठी आधी पक्षात शिरू. ६ फेब्रुवारीला पक्षाच्या बूथ-सभा आहेत. जो जाईल तो प्रतिनिधी होतो, कारण जातंच कोण? पक्षाचं काम बघणारी बेव्ह, तिचा नवरा आणि कॉफीचं भांडं. आणि हेच प्रतिनिधी एप्रिलमध्ये तिकीट कुणाला ते ठरवतात. एक संध्याकाळ द्या आणि आमदार निवडा! याहून स्वस्त काय असतं?

क्लाइड म्हणाला, "मंगळवारी? मंगळवारी बोलिंग असतं गं."

वेन्डेल म्हणाला, "क्लाइड नाही तर मी पण नाही." या दोघांना एकच डोकं दिलंय देवानं, तेही पाळीपाळीनं वापरतात.

शेवटी व्हर्जिलकडे बघितलं. नवरा ना माझा, निदान त्यानं तरी मान हलवावी. तो शेगडीतल्या लाकडांकडे बघत होता.

१३ जानेवारी, शनिवार

हा खटाटोप मी कुणासाठी करतेय हे या माणसाला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?

कागदाची गिरणी बंद पडल्यापासून व्हर्जिलला ते मैदान एवढंच उरलंय. पाटी रंगव, बांध नीट कर, रविवारी कट्ट्यावर उभं राहून हुकूम दे. ते गेलं तर हा खुर्चीत बसेल आणि खुर्चीतच संपेल. मी पाहिलेत असे, गिरणीतले. त्यांच्या बायका मला दुकानात भेटतात.

ऑक्टोबरात मर्ल गेल्यापासून क्लबला अध्यक्ष नाही. बंदूक साफ करताना अपघात झाला, असं सगळे म्हणतात. आम्हीही म्हणतो. मर्ल आणि व्हर्जिल लहानपणापासूनचे. अध्यक्ष व्हर्जिलच व्हायला हवा. पण नाही! "दुसरा कुणी बघा." कोण बघू? क्लाइड?

आणि स्वतः अजून एक गोळी झाडलेली नाही यंदाच्या हिवाळ्यात. कान दुखतात म्हणे. चाळीस वर्षं दुखले नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

बंदुकांच्या कपाटाची किल्ली हरवली! "ठेवली असेल कुठेतरी," म्हणतो. अरे, कुठेतरी म्हणजे? माझी दुनळी आहे आत. पुढच्या आठवड्यात बायकांची हवेत उडवलेल्या चकत्या फोडायची स्पर्धा. मी काय तिथे बोट रोखून 'ठो' म्हणू?

कुलूपवाल्याला बोलावते म्हटलं तर अंगावर आला. "राहू दे गं, सापडेल!" इतका आवाज चढवायचं काय कारण होतं?

हार्लन आला होता. रोज येतो हल्ली. भाऊ माझा, पण येतो आणि तासन्तास व्हर्जिलच्या शेजारी बसून राहतो. दोघं काही बोलत नाहीत. नुसते माझ्या लिंबाच्या वड्या संपवतात. जाताना दारात म्हणाला, "ताई, झोपतो का गं हा नीट?"

"झोपतो? घोरतो! तू ये, ऐक."

हार्लन हसला नाही. त्याला विनोद कळत नाहीत हे आईसुद्धा म्हणायची.

३० जानेवारी, मंगळवार

सकाळी शाळेची बस चालव, दुपारी बस चालव, मधल्या वेळात फोन. शाळेची मुलं परवडली, हे बाप्ये नाहीत परवडत. एकाला तळ्यावरच्या बर्फात मासे धरायचेत. एकाची बायको रागावेल. एक म्हणतो, "मी पक्षबिक्ष मानत नाही." मानू नकोस बाबा, पण ये तरी!

क्लाइडला शेवटी सांगितलं – मैदान बंद झालं की शहरवाले तिथे योगासनांचं केंद्र काढणार आहेत. थाप मारली, हो. पण येतो म्हणाला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आले!

गावसभागृहात दार उघडून उभी होते. एकामागून एक गाड्यांचे दिवे वळताना दिसले तेव्हा रडूच आलं मला. बेव्ह टेबलाशी बसलेली, पक्षाची तालुकाध्यक्ष, नेहमीसारखी विणकाम घेऊन. मान वर केली आणि सुई हातातून सुटली.

"अगं अर्डिस, इतके पेले नाहीत माझ्याकडे!"

"लोक घरून घेऊन आलेत," मी म्हटलं. खरंच आणले होते. सांगून ठेवलं होतं मी.

प्रतिनिधींच्या सगळ्या जागा आमच्या. विरोध करायला कुणी नव्हतंच, बेव्हचा नवरा सोडला तर, आणि त्यालाही क्लाइडनं खुर्ची देऊन गप्प केलं. दुसऱ्या गावांतही आमचीच माणसं गेली होती, तिथेही तेच. व्हर्जिलचं नाव मीच सुचवलं. टाळ्या पडल्या. मर्लच्या जागी तोच हवा, असं दोघं-तिघं म्हणाले.

हा मात्र अंगात कोट तसाच घालून बसलेला. शेगडी अशी तापलेली की खिडक्यांना घाम, आणि याच्या कपाळावरून धारा. "काढ की तो कोट!" मी कानात म्हटलं. "असू दे." कमरेला रिव्हॉल्व्हर असतं ना, त्याच्या वडिलांचं, आम्ही तिला म्हातारी म्हणतो. पण तिथे कोण दचकणार होतं? अर्ध्या खोलीच्या कमरेला काही ना काही होतंच! मर्लच्या पार्थिवाला खांदा देतानासुद्धा म्हातारी कमरेला होती याच्या. तेव्हा नाही झाकली.

जाऊ दे. आज कशावरच रागवायचं नाही असं ठरवलं होतं.

७ फेब्रुवारी, बुधवार

बेव्हचा फोन. "तुम्ही पक्ष बळकावताय, अर्डिस."

"बळकावत नाही गं. आलो फक्त. इतकी वर्षं तूच बोलावत होतीस ना?"

१८ फेब्रुवारी, रविवार

कर्टिस क्वाम उभा राहतोय. तो गुरांच्या खुराकाच्या दुकानाचा. सरळ माणूस, जरा जास्तच सरळ. भाषण येत नाही, हात कुठे ठेवायचे कळत नाही, पण मैदान बंद होऊ देणार नाही असं डोळ्यांत बघून म्हणाला. टेगन डोळ्यांत बघतच नाही, तो तुमच्या कपाळाशी बोलतो.

व्हर्जिलला विचारलं, कसा वाटतो? "बरा आहे." झालं! याच्या तोंडून शब्द काढायचे म्हणजे नाकी नऊ.

१० मार्च, शनिवार

क्लबवर चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, जेवण, दोन्ही उमेदवारांना बोलावलेलं. दरवर्षीची रीत आहे – आधी पोटभर खाऊ घालायचं आणि मग उभं करून विचारायचं. खाल्ल्या मिठाला जागून तरी खरं बोलतील.

मैदानाचं विचारलं. टेगन म्हणाला, "मी तुमच्या भावनांचा आदर करतो." क्वाम म्हणाला, "मैदान आधी होतं. घरं नंतर आली. ज्यांनी घरं बांधली त्यांना कान होते." काय टाळ्या पडल्या! मी तर मनात मिठाई वाटली.

पण शेवटचा प्रश्न यायचा होता. तो दरवर्षी व्हर्जिल विचारतो, आणि मोठ्यानं विचारतो – माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल असं वाटलं तर कोर्टानं त्याच्या बंदुका काढून घ्याव्यात, असा कायदा आला तर मत काय देणार? उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. 'नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं. मी व्हर्जिलकडे बघते, तर हा उठून शेगडीत लाकूड सारतोय! क्लाइडनं विचारलं मग.

टेगन – "हा फार नाजूक विषय आहे." सगळे कण्हले.

क्वाम – "नको. कायदा नको. पोलीस दारात नकोत." टाळ्या. बस ना बाबा खाली! नाही बसला. म्हणाला, "पण माझ्या काकांनी एका हिवाळ्यात स्वतःहून आणून दिल्या होत्या माझ्याकडे. खुराकाच्या पोत्यांमागे ठेवल्या मी. वसंतात घेऊन गेले परत. एवढं तरी आपल्यात एकमेकांसाठी करता यायला हवं. बोभाटा न होता."

एक टाळी नाही! क्लाइड खोकला. वेन्डेल वाटीत बघायला लागला. मला वाटलं, उठावं आणि याच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबावा. जिंकलेला डाव, आणि हा काकांच्या गोष्टी सांगत बसला! कुणी विचारलं होतं?

आणि व्हर्जिल – अख्खी संध्याकाळ एक शब्द न बोललेला माझा नवरा – कॉफीचा पेला भरून घेऊन गेला त्याच्याकडे. स्वतः. घरी मला पाण्याचा पेला देत नाही.

गाडीत म्हणाला, "मी क्वामलाच मत देणार."

"मग! नाहीतर कुणाला देणार होतास?" म्हटलं. पण बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा याला काहीतरी हवंसं वाटलंय.

११ मार्च, रविवार

दिवसभर फोनवर क्वामच्या काकांची उत्तरं देतेय. "अर्डिस, हा मऊ तर नाही ना निघायचा?" मऊ! टेगन मेणाचा आहे ते चालतं यांना.

२८ मार्च, बुधवार

बेव्हनं डाव साधला. तिकिटाची सभा ७ एप्रिलला, आणि कुठे? शाळेत! शाळेच्या दारावर काय पाटी आहे ते मला रोज दिसते, बस तिथेच लावते मी. शस्त्र आत नेता येत नाही. परवाना असला तरी नाही.

आता आमच्या शूरवीरांना हे सांगायचं म्हणजे! क्लाइडनं लगेच घटना काढली. "माझ्या हक्काचं काय?" अरे, हक्क दोन तास गाडीत झोपला तर मरणार आहे का? निम्म्यांच्या गाड्यांना कुलुपं धड नाहीत, चाव्या गाडीतच लटकत असतात. कुणी पिस्तूल उचललं म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरात आपणच.

म्हणून मी तोडगा काढला. शाळेसमोर धान्यकोठीचं आवार आहे, ते खासगी. तिथे हार्लनची व्हॅन उभी करायची, आत लोखंडी पेटी बसवायची. जो येईल त्यानं आपलं हत्यार हार्लनच्या हातात द्यायचं, बिल्ला घ्यायचा, रस्ता ओलांडून सभेला जायचं. चर्चमध्ये कोट देतात तसं. बिल्ले मी पुठ्ठ्याचे कापले.

हार्लनला पसंत नव्हतं. "ताई, ज्यानं त्यानं आपापलं बघू दे ना. असं सगळ्यांसमोर कशाला?"

"सगळ्यांसमोर म्हणजे? लाजायचं काय त्यात? बंदुका आहेत त्या, बायका नाहीत!"

त्यानं एक बिल्ला उचलून बघितला. मग म्हणाला, "व्हर्जिलला विचारलंस?"

"व्हर्जिलला काय विचारायचंय! व्हर्जिल पहिला देईल म्हातारी, म्हणजे बाकीचे मुकाट देतील." खरंच तसं ठरवलंय मी. तोच पहिला. त्याला सांगितलं तर 'बघू' म्हणाला.

६ एप्रिल, शुक्रवार

मोजणी केली. सगळे आले तर आम्ही निसटतं का होईना, जिंकतो. सगळे आले तर.

७ एप्रिल, शनिवार

पेन कागदात रुततंय लिहिताना. रागानं. रडून झालंय.

सकाळी धान्यकोठीच्या आवारात सगळं झकास जमलं होतं. रात्री पडलेलं बर्फ कुणीतरी लोटून ठेवलेलं. हार्लनची व्हॅन, मागचं दार उघडं, आत पेटी. मी बिल्ले घेऊन उभी. माणसं पाय आपटत रांगेत, थट्टामस्करी चाललेली. व्हर्जिल गाडीतून उतरला, कोट गळ्यापर्यंत लावलेला, आणि क्लाइडनं आरोळी दिली, "चला व्हर्जिल! म्हातारीला पेटीत निजव, मग आम्ही आमच्या पोरींना निजवतो!" सगळे हसले. वाट करून दिली त्याला.

व्हर्जिल जिथे होता तिथेच थांबला. आधी पेटीकडे बघितलं, मग हार्लनकडे.

"मी नाही देत," म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"मी कमरेचं काढून कुठल्या सभेला जाणार नाही. ज्या पक्षाला माझी बंदूक चालत नाही त्याला माझं मत कशाला?" असं म्हणून गाडीत जाऊन बसला! काचा वर केल्या.

मी धावले. काचेवर ठोकलं. "अरे, तुझ्याच मैदानासाठी चाललंय हे! क्वामला मत देणार म्हणालास ना?" समोर बघत राहिला. "व्हर्जिल, तुझ्या पाया पडते." जन्मात कधी असं बोलले नव्हते मी. त्याची हनुवटी हलली, पण काच काही खाली झाली नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. क्लाइडला अचानक तत्त्व सुचलं. "व्हर्जिल बरोबर बोलतोय. मर्लही गेला नसता आत." वेन्डेल म्हणाला, "क्लाइड नाही तर मी पण नाही." दोघं जाऊन व्हर्जिलच्या गाडीत मागे बसले. तिघं तिथे, हीटर लावून!

हार्लन मला म्हणाला, "असू दे त्याला, ताई. ओढू नकोस."

"तू मध्ये बोलू नकोस!" मी ओरडले. "इतके दिवस माझ्या घरी वड्या खातोस, तुला त्याला दोन शब्द सांगता येत नाहीत?" सगळ्यांसमोर बोलले. बोलले तर बोलले.

बाकीच्यांनी दिली हत्यारं. आत गेलो. क्वामनं भाषण वाचलं, कागद उलटा धरून सुरुवात केली, पण बोलला बरा. टेगननं कपाळांशी भाषण केलं. चिठ्ठ्या टाकल्या. बेव्हनं मोजल्या, आणि मोजून झाल्यावर चष्मा काढून पुसला, तेव्हाच मला कळलं.

दोन मतांनी पडलो. दोन! तिघं समोरच्या आवारात बसलेले.

टेगन हात मिळवायला आला. "तुमच्या भावनांचा मी आदर करतो, अर्डिस." माझ्या हातात पुठ्ठ्याचे तीन बिल्ले उरले होते. मुठीत चुरगळून गेले.

बाहेर आले तर क्लाइड विचारतो, "काय झालं?"

८ एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. व्हर्जिल मैदानावर गेला. जा! आहे तोवर जा.

बोलत नाही मी त्याच्याशी. जेवण वाढते, ताट पुढे सरकवते. त्यानंही विचारलं नाही का बोलत नाहीस. एकदा दारात उभा राहिला, काहीतरी म्हणणार असं वाटलं. मी नळ सोडला.

११ एप्रिल, बुधवार

कॅफेत माझ्या नवऱ्याचं कौतुक चाललंय! "व्हर्जिल, माणूस म्हणावा तर असा. झुकला नाही." क्लाइड सांगतोय सगळ्यांना, रंगवून रंगवून. म्हणे पोलीस आले असते तरी दिली नसती. क्वाम कोपऱ्यात बसून पाव खात होता, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी त्याच्या टेबलाशी बसले. मला म्हणाला, "व्हर्जिल बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय?" म्हटलं. हरलेला हा, आणि चौकशी त्याची करतो! सभ्यपणालाही काही हद्द असते.

१५ एप्रिल, रविवार

टेगनची मुलाखत आली पेपरात. 'ध्वनिप्रदूषण आणि परंपरा यांचा समतोल.' समतोल म्हणजे काय ते मला माहीत आहे. समतोल म्हणजे कुलूप.

२२ एप्रिल, रविवार

हार्लन अजून येतोच आहे. माझ्याशी नीट बोलत नाही, मी त्याच्याशी नाही. येऊन व्हर्जिलजवळ बसतो. वड्या केल्या नाहीत मी. तरी येतो.

आज स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, त्याच्याशी बोल गं. इतका अबोला बरा नाही."

"त्यानं आधी क्वामची माफी मागायची. सगळ्यांसमोर. क्लबात उभं राहून."

"ताई—"

"अरे, त्याच्यासाठी केलं ना सगळं! माझं काय अडलं होतं मैदानाशिवाय? मी बस चालवते, मला माझं आयुष्य आहे. त्याच्यासाठी दारोदार फिरले, बेव्हशी वैर घेतलं, आणि यानं कशासाठी माझ्या तोंडाला पानं पुसावीत? एका लोखंडाच्या तुकड्यासाठी! दोन तास कमरेवरून निघत नव्हता तो!"

हार्लननं टोपी उचलली. बर्फ वितळायला लागलंय, नदीला पाणी चढेल म्हणाला, आणि गेला.

२९ एप्रिल, रविवार

कायदा अजून झालेला नाही, तरी गावपंचायतीत पहिली तक्रार दाखल झाली. जूनमध्ये सुनावणी.

व्हर्जिलला वाचून दाखवलं – बोलले म्हणजे, पण वाचून दाखवलं, ते बोलण्यात धरत नाही. त्यानं ऐकून घेतलं. "मग होऊ दे बंद," म्हणाला. इतक्या शांतपणे! माझ्या हातातला पेपर मी जमिनीवर फेकला.

४ मे, शुक्रवार

ठरलं. पुढच्या क्लबच्या बैठकीत मीच उभी राहणार आणि सगळ्यांपुढे विचारणार त्याला, नवरा असला म्हणून काय झालं. राजीनामा लिहून ठेवलाय. तो माफी मागेल, नाहीतर मी कागद टेबलावर टाकून निघून येईन, मग चालवा म्हणावं क्लब क्लाइडच्या डोक्यानं.

५ मे, शनिवार

थंडीचे कपडे माळ्यावर टाकायला काढले. व्हर्जिलच्या कोटाखाली, खुंटीला, म्हातारीचा पट्टा. बाजूला करावा म्हणून उचलला तर हातात वजनच नाही.

म्हातारीच्या चामडी घरात फडका होता. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा. घट्ट घडी करून आत कोंबलेला, बाहेरून फुगवटा दिसावा म्हणून.

हार्लनला फोन केला. फडक्याचं सांगितलं. मग म्हणाला, "ऑक्टोबरपासून बंदुका माझ्याकडे आहेत, ताई. सगळ्या, तुझीसुद्धा. मर्लला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हर्जिल गाडीत भरून घेऊन आला. म्हणाला, माझा मला भरवसा नाही. मागायला आलो तरी देऊ नकोस. किल्लीपण माझ्याकडेच आहे. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली त्यानं."

आणि मी पेटी घेऊन उभी होते. सगळ्या गावासमोर, तुझी आधी दे म्हणत. घरी ठेवून आलो एवढं जरी म्हणाला असता! पण कुणी विश्वास ठेवला असता? मी तरी ठेवला असता का?

दोन मतांसाठी मी महिनाभर या माणसाशी बोलले नाही. या महिन्यात काहीही झालं असतं.

खाली गेले. तो खिडकीशी बसलेला. फडका माझ्या हातातच राहिला होता. त्यानं बघितला. म्हणाला, "क्लाइडला सांगू नकोस."

"नाही सांगत," म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.